आडनावाची ढाल आणि नांगराची निशाणी

कापूस, तूर, सोयाबीन यांचे भाव पडोत वा चढोत, वऱ्हाडात हल्ली एका मालास बारमाही उठाव आहे. तो माल म्हणजे कुलाभिमान. एक ढाल, तीवर सिंह अगर गरुड, पाठीमागे फुलीसारख्या दोन तलवारी, खाली फितीवर एखादे संस्कृत वचन आणि मध्यभागी सोनेरी अक्षरांत गिऱ्हाइकाचे आडनाव, असे चित्र छापून, काचेत बसवून, मागेल त्यास मिळते. ते दिवाणखान्यात लागते, फाटकावर लागते, मोटारीच्या मागच्या काचेवर लागते, आणि लग्नसराईत पत्रिकेच्या माथ्यावर खुद्द गणपतीच्या शेजारी जाऊन बसते. चित्रासोबत 'आपल्या आडनावाचा इतिहास' म्हणून एक कागदही देतात. गिऱ्हाईक कोणीही असो, कागदातील कथा बहुधा एकच: कुळ मूळचे उत्तरेतील एका गादीचे, मूळ पुरुष शूर, एका लढाईनंतर दक्षिणेत आला, आणि राजाने प्रसन्न होऊन त्यास हे नाव बहाल केले. नांगर धरणारा, तागडी धरणारा, माग चालविणारा पूर्वज या कागदांत औषधालाही सापडत नाही. इतके सगळे राजपुत्र दक्षिणेत आले, तर त्यांना भाकरी पिकवून कोणी घातली, हा प्रश्न त्या कागदास कोणी विचारीत नाही.

आपल्या वाडवडिलांविषयी मनुष्यास आदर वाटावा, यास आमची यत्किंचितही हरकत नाही. हरकत आहे ती एवढीच की, खोट्या पूर्वजाची तसबीर लावताना खऱ्या पूर्वजास घराबाहेर काढावे लागते. आणि हा केवळ हौसेचा प्रश्न असता, तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. ज्या आडनावाची ढाल बनते, तेच आडनाव भाड्याच्या खोलीच्या दारात पहिल्याप्रथम विचारले जाते, स्थळ पाहताना विचारले जाते, नोकरीच्या जागी गप्पांच्या ओघात हळूच विचारले जाते. 'पूर्ण नाव काय म्हणालात?' या सभ्य प्रश्नाचा अर्थ काय, हे वऱ्हाडातील शेंबडे पोरही जाणते. तेव्हा आडनाव ही वस्तू आहे तरी काय आणि आली तरी कोठून, हे एकदा नीट पाहून घेणे बरे.

त्यासाठी लांब जावयास नको. अमरावतीपासून पाचसहा कोसांवर भातकुली आहे. आज तालुक्याचे ठिकाण, खारपाणपट्ट्यातील गाव, दिगंबर जैनांचे जुने क्षेत्र, एवढीच त्याची ओळख पुष्कळांस असते. पण महाभारतातील भोजकट नगर ते हेच, अशी जुनी समजूत आहे आणि विद्वानांनीही भोजकटाचा मेळ भातकुलीशी घातलेला आहे. रुक्मिणीहरणानंतर हरलेल्या रुक्मीने कौंडिण्यपुरास तोंड न दाखविता जे नवे नगर वसविले, ते भोजकट, अशी कथा आहे. कथा कथेच्या जागी असो. या 'भोज' शब्दाची गंमत मात्र ध्यानी घेण्याजोगी आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात भोज लोकांचा उल्लेख आहे. पुढे सातवाहनांच्या काळातील लेण्यांत 'महाभोज' आणि 'महारठी' हे शब्द मोठ्या अधिकाऱ्यांच्या पदव्या म्हणून येतात. एकच शब्द कधी लोकांचे नाव, कधी हुद्दा, कधी घराण्याची ओळख, असा दोन हजार वर्षांपूर्वीच फिरत होता. आज 'देशमुख' हा शब्द जे करतो, तेच त्या काळी 'भोज' हा शब्द करीत होता, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

याहून चांगला पुरावा अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेल्या ताम्रपटाचा आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, भोजकट राज्यातील चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांस दान दिले, असे त्या पटात लिहिले आहे. त्या हजारांपैकी पन्नासच्या आसपास माणसांची नावेही दिली आहेत: शाट्यायन गोत्राचा गणार्य, वात्स्य गोत्राचा देवार्य, भारद्वाज गोत्राचा कुमारशर्मार्य, असा तो क्रम चालतो. वाचकहो, ही आपल्या भोजकटातील वजनदार माणसांची यादी आहे आणि तिच्यात एकही आडनाव नाही. गोत्र आहे, नाव आहे, संपले. ज्या घराण्यास आपले आडनाव दोन हजार वर्षांचे वाटते, त्याने या यादीपुढे क्षणभर उभे राहावे.

त्याच ताम्रपटात आणखी एक कलम आहे आणि ते आम्हांस यादीहूनही मोलाचे वाटते. चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालेल, असे राजाने लिहिले खरे. पण त्यास अट घातली. राज्याविरुद्ध द्रोह करणार नाहीत, चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या करणार नाहीत, युद्ध करणार नाहीत, दुसऱ्या गावांस उपद्रव देणार नाहीत, तोपर्यंतच हा हक्क. म्हणजे वंशपरंपरेचा मानसुद्धा वर्तणुकीच्या करारावर दिलेला होता. पुढे आपण मान तेवढा ठेवून घेतला आणि कराराचा पत्रा जमिनीत पुरला.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. वऱ्हाडात ज्या आडनावाचा दबदबा सर्वांत मोठा, ते देशमुख. हे मूळचे आडनावच नव्हे. गावचा कारभार पाटील आणि कुळकर्णी यांनी पाहावा, परगण्याचा देशमुख आणि देशपांडे यांनी; देशमुखाने वसुली करावी, देशपांड्याने तिचा हिशेब लिहावा, अशी ती जोडी होती. हे वतन ज्याच्या घरात गेले, त्या घरास ते नाव चिकटले. घर मराठ्याचे असो, ब्राह्मणाचे असो की मुसलमानाचे. म्हणूनच आजही देशमुख मंदिरात भेटतात नि मशिदीतही भेटतात. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर वसुली गावच्या पाटलामार्फत थेट होऊ लागली आणि परगण्याच्या या जोडीचे काम आटले. पुढे खुद्द मुलकी पाटलाचे पदही १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. खुर्च्या गेल्या, पाट्या राहिल्या. आज देशमुख कोणाची वसुली करीत नाहीत, पाटील सारा गोळा करीत नाहीत आणि पुष्कळ कुळकर्ण्यांना मोडी लिपी वाचता येत नाही.

याच जिल्ह्यातील पापळ गावी १८९८ साली जन्मलेल्या पंजाबरावांचेच उदाहरण घ्या. भारताच्या पहिल्या कृषिमंत्र्यांपैकी एक म्हणून आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून सारे वऱ्हाड त्यांस देशमुख या नावाने ओळखते. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम. नाव बदलले तरी माणूस उणा झाला नाही. आणि त्यांची थोरवी ना कदमपणात होती, ना देशमुखीत. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून १९२७ च्या सुमारास जी चळवळ झाली, तिच्यात ते उभे राहिले. १९३२ साली त्यांनी शिक्षणसंस्था काढली. जातीबाहेर लग्न केले. देशमुखीचे वतन असते तर त्यातील एकही गोष्ट त्या वतनाच्या कामांत बसली नसती.

हुद्द्याची आडनावे झाली. त्याहून मोठी संख्या गावांची. दर्यापूरकर, मोर्शीकर, अंजनगावकर, आणि भातकुली तालुक्यातील खोलापुरावरून खोलापुरे. यांतही एक खुबी आहे. कोणी आपल्याच गावात राहत असेपर्यंत त्यास गावाचे नाव पडत नाही. दर्यापुरात सगळेच दर्यापूरचे. तेथे 'दर्यापूरकर' म्हणून कोणास हाक मारावी? गाव सुटले, परक्या गावी बिऱ्हाड केले, तेव्हा तेथील लोकांनी 'तो दर्यापूरचा' म्हणून ओळख ठेवली. म्हणजे '-कर' शेवटी असलेले प्रत्येक आडनाव पोटासाठी किंवा दुष्काळापायी झालेल्या एका स्थलांतराची खूण आहे. व्यापारी वाचकांस हे अधिक पटेल. मारवाडातून वऱ्हाडात आलेल्या माहेश्वरी मंडळींत ७२ खांपा मोजतात. राठी, चांडक, मुंदडा ही नावे कापसाच्या बाजारात रोज कानी पडतात. लोटा नि दोरी घेऊन निघालेल्या पणजोबांची गोष्ट त्या घरांतून आजही मोकळेपणाने सांगितली जाते. तीत लाज वाटण्याजोगे काही आहे, असे त्यांस वाटत नाही, आणि तेच योग्य होय.

उरली ती टोपणनावे. वाघ, कोल्हे, लांडगे, काळे, ढेरे, बोबडे, भोपळे. यांच्या मुळाशी कोठे एखादा पराक्रम असेल, कोठे पोटाचा घेर. बहुधा गावाची थट्टा. गाव ज्याला जसे पाही, तसे त्यास हाक मारी, आणि तीच हाक पुढे शाळेच्या पटावर नि कोर्टाच्या कागदावर चढून कायम झाली. ढाल छापणाऱ्यास आमचा एकच प्रश्न आहे: वाघांच्या ढालीवर वाघ काढाल, ते समजले, भोपळ्यांच्या ढालीवर काय काढणार?

हा प्रश्न विलायतेत कोणी हसण्यावारी नेला नसता. तिकडे नावावरून चिन्ह काढण्याची रीतच होती. शेक्सपिअर नाटककार याचा बाप जॉन हा स्ट्रॅटफर्ड गावी हातमोजे करणारा कारागीर. १५९६ साली त्यास कुलचिन्ह मिळाले, तेव्हा नावात 'स्पिअर' म्हणजे भाला आहे एवढ्यावरून ढालीवर भाला काढण्यात आला. हातमोजा कोणी काढला नाही. पुढे एका अधिकाऱ्याने, नाटक्यांना असली चिन्हे कशास देता, म्हणून कुरकूरही केली. पण तिकडील शास्त्र निदान स्पष्ट आहे. लंडनचे 'कॉलेज ऑफ आर्म्स' हे १४८४ साली स्थापन झालेले कार्यालय आजही चालू आहे आणि त्याचे म्हणणे असे की, आडनावाचे कुलचिन्ह अशी चीज अस्तित्वातच नाही. चिन्ह एका विशिष्ट व्यक्तीस दिले जाते. तिच्या वंशजांस ते चालते. त्याच आडनावाच्या दुसऱ्या कोणा माणसाचा त्यावर काडीचा हक्क नाही. म्हणजे ज्या विलायती प्रथेची नक्कल करून आपल्याकडे 'अमुक आडनावाची ढाल' विकली जाते, त्या प्रथेतसुद्धा ती खोटी ठरते.

'पण आपल्या संस्थानिकांना ढाली होत्याच ना?' असे कोणी म्हणेल. होत्या. त्या कशा मिळाल्या, तेही ऐका. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस व्हिक्टोरिया राणीस कैसर-इ-हिंद म्हणून घोषित करण्याचा दरबार भरला. त्या प्रसंगी हिंदी राजांस वाटण्यासाठी विलायती धर्तीची कुलचिन्हे काढलेली सुमारे नव्वद रेशमी निशाणे तयार केली गेली. ती रेखाटण्याचे काम रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालकडील एका मुलकी अधिकाऱ्याने केले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, कोल्हापूर, या मराठी राजांच्या हाती जी ढाल पडली, तिची रचना ही अशी एका इंग्रज कारभाऱ्याच्या मेजावर झालेली होती. दीडशे वर्षेसुद्धा पुरती झाली नाहीत; आणि आम्ही तिच्या नकला 'प्राचीन परंपरा' म्हणून भिंतीस टांगतो!

त्या दरबारात बडोद्याचे सयाजीराव हजर होते. वय तेरा वर्षांचे. त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरात झालेला. पाळण्यातील नाव गोपाळराव. १८७५ साली दत्तक जाऊन ते गादीवर आले. गायकवाड या आडनावाची परंपरागत कथाही ढालतलवारीची नाही. गाईंचा कळप संकटात सापडला असता एका पूर्वजाने किल्ल्याचे लहान कवाड उघडून त्यांस आत घेतले, म्हणून गाय-कवाड, असे सांगतात. राज्याचे बोधवाक्यही घोड्याच्या खोगिराचे होते: 'जीन घर जीन तख्त'. या घराण्याची खरी कीर्ती मात्र टेलरसाहेबाच्या निशाणात सापडावयाची नाही. १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले, ते सयाजीरावांच्या हातून. आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेस शिकावयास गेले, ते त्यांच्याच शिष्यवृत्तीवर.

आंबेडकर हे नावही एका खेड्याचे. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांच्या घराण्याचे गाव. वडील रामजी सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत मुलाचे नाव दाखल झाले, ते 'भिवा रामजी आंबेडकर' असे. ज्या आडनावाने पुढे भारताची घटना लिहिली गेली, ते एका शाळेच्या पटावर ठरले. आणि त्या घटनेच्या अठराव्या कलमाने किताब देण्याची पद्धतच बंद केली.

बरे, आपल्याकडे स्वतःच्या खुणा नव्हत्या काय? होत्या, आणि पुष्कळ होत्या. लग्नात पुजावयाचे देवक ही तशीच खूण: मोऱ्यांचे मोरपीस, कदमांचे कळंब. ज्या शिवछत्रपतींच्या नावे या ढाली खपतात, त्यांच्या अष्टकोनी मुद्रेवर तर एकही पशू नाही, पक्षी नाही, शस्त्र नाही. केवळ अक्षरे आहेत, आणि त्या अक्षरांचा शेवट ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते असे सांगून होतो. पण आम्हांस ज्या खुणांकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, त्या याहून साध्या आहेत आणि ज्यांच्या त्या होत्या त्यांची नातवंडे आज त्या विसरली आहेत.

जुन्या काळी गावात वतनाचा अगर हद्दीचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे आणि महजर लिहिला जाई. त्यावर साऱ्या गावाने साक्ष घालावयाची. लिहिता येणारे थोडे; बाकीच्यांनी आपापली निशाणी काढावयाची. पाटलाची निशाणी नांगर. कुणब्याचीही नांगर. वाण्याची तराजू. न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी, चांभाराची आरी, सुताराचे किंकरे. बाईने साक्ष घातली तर बांगडी. निरक्षर माणसाने आपल्या हाताने चार रेघांत नांगर काढावा आणि लिहिणाऱ्याने शेजारी 'निशाणी नांगर' अशी अक्षरे घालावीत, हा रिवाज अंगठ्याचा ठसा येईपर्यंत चालत आला. ही आमची कुलचिन्हविद्या. तिच्यात पाटलाचा नांगर आणि त्याच्या कुळाचा नांगर एकाच आकाराचा होता, हे विशेष. कोणी त्यास सिंह जोडला नाही, कोणी मुकुट चढविला नाही. ज्या हत्याराने पोट भरते तेच साक्षीला उभे करावयाचे. गोतसभेतही उच्चनीच होते, बसण्याच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि काही जातींना सभेच्या कडेसच बसावे लागे, हे आम्ही नाकारीत नाही. पण कागदावर उमटलेली खूण श्रमाची होती.

अमरावतीच्या कापूसबाजारात ज्यांची हयात गेली, त्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. गाठीवरील छाप कशामुळे चालतो? आतला कापूस प्रत्येक वेळी तसाच निघाला म्हणून. वजनात दगा आणि रुईत पाणी असलेल्या गाठीवर कोणी सिंह छापला तर तिला चढा भाव मिळतो काय? आपल्याच या वऱ्हाडात कारंज्यास १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. साऱ्या देशात पहिल्यापैकी म्हणून त्यांची गणना होते. तराजू सरळ असावी म्हणून कायदा करून घेणाऱ्या मुलखाने आपल्या घराण्याच्या तराजूची लाज धरावी, हे नवल नव्हे काय?

या लाजेची किंमत कोण भरतो, तेही सांगितले पाहिजे. वऱ्हाडातील जुन्या नोंदी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांस ठाऊक आहे की कोतवाल-बुकात किंवा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात गरिबाच्या पूर्वजास पुष्कळदा आडनावच नसते. 'महादू वल्द रामा' एवढेच असते आणि पुढे जात. काही कागदांत गावावरून नाव, काहींत कामावरून, काहींत काहीच नाही. आज त्या महादूची पणती जात पडताळणी समितीपुढे उभी राहते, तेव्हा तिला विचारतात, पणजोबांचे आडनाव तुमच्या आडनावाशी जुळत का नाही? शिष्यवृत्ती त्यावर, प्रवेश त्यावर. आडनाव अनादि आणि अचल असते, ही श्रीमंतांनी काचेत बसविलेली समजूत गरिबाच्या मुलीला कचेरीच्या पायऱ्या झिजवावयास लावते. आडनावे दोन पिढ्यांत बदलली, कारकुनाच्या लेखणीने बदलली, गाव सोडल्याने बदलली, हे सर्वांस ठाऊक असते तर तिचा अर्धा त्रास वाचला असता.

दुसरे असे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून राज्यभर जुनी दप्तरे उघडून कुणबी नोंदी शोधण्याचे काम झाले. त्या मागणीच्या न्यायान्यायात आम्ही येथे शिरत नाही. तो स्वतंत्र विषय आहे. एक विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. भिंतीवर राजकुळाची ढाल आणि दप्तरखान्यात कुणबी पणजोबाचा शोध, अशी दोन्ही कामे एकाच घरातून एकाच वेळी चालावीत! दप्तरखान्यातील पणजोबा खरा आहे. त्याच्या नावापुढे लिहिलेला कुणबी हा शब्द कष्टाचा आहे. मग भिंतीवर तोच का नको?

आणि स्त्रियांचे काय? या शेकडो ढालींत बांगडी कोठेच नाही. लग्नात ताटातील तांदळांवर नवे नाव लिहून जिचे पहिले नावही पुष्कळ घरांत पुसले जाते, तिला कुलवृक्षात डहाळीएवढी जागा मिळत नाही. वृक्ष सगळा पुरुषांचा. जणू पोरे फांद्यांनाच लागली. या बाबतीत सरकारने आमच्यापुढे पाऊल टाकले, हे कबूल करणे प्राप्त आहे. ११ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी अगर त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शासकीय कागदपत्रांत प्रथम त्याचे स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि सर्वांच्या शेवटी आडनाव लिहावयाचे. या क्रमात आम्हांस मोठे शहाणपण दिसते. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय झालाच होता. वस्तीच्या पाटीवरील जात उतरवावयाची आणि फाटकावरील पाटीने ती पुन्हा चढवावयाची, हा खेळ किती दिवस चालणार?

भातकुली तालुक्यातच पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. त्या नदीला घाट बांधण्यासाठी जो मनुष्य स्वतः राबला, त्याचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म १८७६, गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव, जात परिटाची. जाणोरकर हे आडनाव आज किती जणांस आठवते? तो मनुष्य हातात खराटा आणि फुटक्या मडक्याचा तुकडा घेऊन गावोगाव रस्ते झाडीत हिंडला. त्या तुकड्यातच भाकरी खाई, उन्हापावसात तोच डोक्यावर घेई. लोकांनी त्याचे नाव गाडगेबाबा ठेवले. २० डिसेंबर १९५६ रोजी येथून जवळच वलगावापाशी त्यांनी देह ठेवला. आज अमरावतीचे विद्यापीठ त्या फुटक्या गाडग्याचे नाव धारण करून आहे, आणि हजारो पदवीधर आपल्या प्रमाणपत्रावर ते अभिमानाने मिरवितात. यावलीचा माणिक हा दुसरा. अडकोजी महाराजांनी त्यास तुकड्या म्हटले, भाकरीचा तुकडा. त्या नावाने १९६८ पर्यंत साऱ्या देशात भजने झाली. या जिल्ह्याने जगाला दिलेल्या दोन सर्वांत मोठ्या नावांपैकी एक खापराचे आहे नि दुसरे भाकरीचे. ढाल विकणाऱ्याच्या दुकानात ही दोन्ही चिन्हे मिळावयाची नाहीत.

आमच्या वाचकांस आमची विनंती थोडकी आहे. पैसे देऊन इतिहास विकत घेण्यापूर्वी आपल्या घराची चौकशी करावी. घर भाड्याने देताना भाडेकऱ्यास पूर्ण नाव न विचारता भाडे वेळेवर देशील ना, एवढेच विचारावे. आमच्या व्यापारी मित्रांना उधारीच्या व्यवहारात हा प्रश्न कसा विचारावयाचा हे चांगले ठाऊक आहे. शाळांतील गुरुजनांनी सातवी-आठवीच्या मुलांकडून तीन पिढ्यांची नोंद लिहून घ्यावी: आजी कोणत्या गावची, पणजोबा कशावर जगले, घराण्याने गाव का सोडले. मात्र ती वर्गात मोठ्याने वाचवू नये. कारण अजून तितके आपण सुधारलेलो नाही.

आणि ज्यांच्या घरी जुन्या पेटीच्या तळाशी खरेदीखते, रोखे, पावत्या असतील, त्यांनी त्या या उन्हाळ्यात बाहेर काढाव्यात. घडी मोडताना कागद तुटतो, म्हणून हळू उलगडावा. तुटल्या जागी चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांनी अक्षरेच खाते. सुती फडक्यात सपाट ठेवावा, आणि त्याआधी उजेडात त्याचा फोटो घ्यावा. मोडी वाचता येणारा कोणी अमरावतीस अजून भेटतो, त्यास दाखवावा. खाली कोपऱ्यात चार वेड्यावाकड्या रेघांचा नांगर असेल, किंवा शाईने काढलेले एक वाटोळे कडे असेल. ते कडे म्हणजे बांगडी. ती कोणाची, हे घरातील सर्वांत वृद्ध बाईस आजच विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे.